आकाशातील साक्षीदार आणि चांद्याचा मुलूख

वर्धा नदीच्या पूर्वेस, चंद्रपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेल्या भद्रावतीने, जिला जुन्या दप्तरांत भांदक म्हटले जाई, आपल्या भूमीची नोंद करणारे अनेक अंमल पाहिले आहेत. शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ मध्ये राष्ट्रकूट नृपती पहिल्या कृष्णाने दिलेल्या दानाचे ताम्रपट याच गावी सापडले. आणि दान दिलेल्या भूमीच्या चारही सीमा, कोणत्या दिशेस कोणते गाव आणि कोणती नदी, हे धातूवर कोरून ठेवण्याचा त्या काळचा शिरस्ता लक्षात घेतला, म्हणजे भूमीचे वर्णन करणे हे राज्यकारभाराचे किती प्राचीन अंग आहे हे ध्यानी येते. पुढे गोंड राजांचा अंमल आला, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा आला, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा, मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. प्रत्येक सत्तेने या भूमीकडे आपल्या गरजेच्या नजरेने पाहिले आणि त्या नजरेला जे दिसले तेवढेच दप्तरी लिहिले. गेल्या काही दशकांत या नजरांत आणखी एकीची भर पडली आहे. ती आहे शत्रूच्या शस्त्रागारांवर पाळत ठेवण्यासाठी निर्माण झालेली, पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणारी छायाचित्रक उपग्रहाची नजर. ती युद्धखात्याच्या कपाटातून निघून वनखात्याच्या, खाणखात्याच्या आणि शेवटी ग्रामसभेच्या चावडीपर्यंत कशी पोहोचली, याचा हा वृत्तांत आहे.

इंग्रजी अंमलात या जिल्ह्याची पहिली व्यवस्थित जमाबंदी मेजर ल्युसी स्मिथ यांच्या हाताखाली १८६० च्या दशकात झाली आणि तिचा अहवाल १८७० मध्ये छापला गेला. गावोगाव मोजणी झाली, गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांचे हक्क ठरले, आणि गावकऱ्यांचे वहिवाटीचे रिवाज वाजिब-उल-अर्जात लिहिले गेले. जळाऊ लाकूड, गवत, चराई, बांबू यांवरील गावाचा निस्तार हा या प्रदेशातील जीवनाचा आधार असल्यामुळे त्याचीही नोंद झाली. आणि या नोंदीचेच वंशज असलेले निस्तारपत्रक आजही पूर्व विदर्भात पुराव्याचा कागद म्हणून मानाने उलगडले जाते. पण या मोजणीची एक मर्यादा होती. तिचे सारे लक्ष सारा देणाऱ्या जमिनीवर होते. गावाच्या गरजेपेक्षा जास्त वाटलेली पडीक आणि रानाची जमीन मालगुजारीतून वेगळी काढून सरकारजमा करण्यात आली, आणि तेच पुढे सरकारी जंगल झाले. कित्येक योजने पसरलेला साग, ऐन, बिजा, धावडा आणि बांबूंचा प्रदेश नकाशावर जवळजवळ कोरा राहिला. त्या कोऱ्या भागात माडिया आणि गोंड वस्त्या होत्या, त्यांच्या वाटा होत्या, त्यांचे देव होते. परंतु साखळी आणि जरीब जेथे पोहोचली नाही तेथील माणसांची वहिवाटही दप्तरात पोहोचली नाही.

१८७३-७४ च्या हंगामात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांताच्या दौऱ्यावर आले आणि भांदकला थांबले. विजासन टेकडीतील बौद्ध लेणी, तळ्यातील जुना दगडी पूल, इतस्ततः विखुरलेली मंदिरांची जोती आणि मूर्ती यांचे वर्णन त्यांनी आपल्या अहवालात केले. पायी आणि घोड्यावर फिरणाऱ्या पुरुषाला जेवढे दिसू शकते तेवढे त्यांनी पाहिले. तळी, लेणी, देवळे आणि दबलेली जोती ही सर्व एकाच वसाहतीची अंगे असतील तर त्या नगरीचा एकूण विस्तार केवढा होता, हे जमिनीवर उभे राहून सांगणे मात्र त्यांनाही कठीण होते. जे उंचीवरूनच एकसंध दिसते ते पाहण्याचे साधन अजून जन्मायचे होते.

ते साधन जन्मास आले ते विद्येच्या किंवा कृषीच्या निकडीतून नव्हे, तर भयातून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात जो अविश्वास माजला, त्यात एकमेकांची क्षेपणास्त्रे किती आणि कोठे आहेत हे जाणून घेणे दोन्ही राष्ट्रांना प्राणाइतके महत्त्वाचे वाटू लागले. १ मे १९६० रोजी सोव्हिएत भूमीवर अमेरिकेचे टेहळणी करणारे यू-२ विमान पाडले गेले आणि त्या मार्गाची जोखीम जगाला दिसली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, कितीतरी अपयशी प्रयत्नांनंतर, ‘कोरोना’ या गुप्त योजनेतील उपग्रहाने कक्षेतून छायाचित्रे घेतली. आणि त्या उपग्रहाने खाली सोडलेली, चित्रफितीने भरलेली कुपी पॅसिफिक महासागरावर हवाईछत्रीने उतरत असताना अमेरिकी वायुदलाच्या विमानाने आकड्या लावून अधांतरीच पकडली. जगासाठी त्या उड्डाणाचे नाव ‘डिस्कव्हरर १४’ असे होते आणि ते शास्त्रीय संशोधनासाठी आहे असे सांगितले गेले होते. वस्तुतः त्या एका कुपीने सोव्हिएत भूमीचा जेवढा प्रदेश दाखविला तेवढा तोवरच्या साऱ्या यू-२ उड्डाणांनी मिळूनही दाखविला नव्हता. आरंभी या कॅमेऱ्यांना सुमारे १२ मीटरांपेक्षा लहान वस्तू ओळखता येत नसत. १९७२ मध्ये योजना संपली तेव्हा ही मर्यादा सुमारे दोन मीटरांवर आली होती. बारा वर्षांत आठ लाखांहून अधिक चित्रे जमली. ती पाहण्याचा अधिकार फारच थोड्यांना होता.

एवढे मोठे भांडार केवळ क्षेपणास्त्रांच्या शोधासाठी खर्ची पडावे काय, हा प्रश्न खुद्द अमेरिकेतच लवकर उठला. ज्या चित्रात लष्करी तळ दिसतो त्याच चित्रात नदीचे बदललेले पात्र दिसते, जळालेले अरण्य दिसते, भूकंपाने खचलेला रस्ता दिसतो. आणि नकाशे अद्ययावत ठेवणाऱ्या, पूर आणि वणवे यांच्याशी झुंजणाऱ्या नागरी खात्यांना त्याची नितांत गरज असते. परंतु हेरखात्याचा कॅमेरा स्वदेशाच्या भूमीवर रोखला गेला तर नागरिकाच्या खासगीपणाचे काय, ही शंकाही तितकीच रास्त होती. १९७५ मध्ये उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अमेरिकेच्या हेरसंस्थेच्या देशांतर्गत कारवायांची चौकशी केली, तेव्हा त्याने या चित्रांच्या नागरी वापरावर देखरेख ठेवणारी नागरी खात्यांची समिती असावी अशी शिफारस केली. त्याच वर्षी तशी समिती स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याकडे गेले. ही शंका पुढेही शमली नाही. २००७ मध्ये गृहसुरक्षा खात्याने या चित्रांचा वापर अंतर्गत सुरक्षेसाठी वाढविण्याकरिता स्वतंत्र कचेरी उघडण्याचे योजिले, तेव्हा लोकप्रतिनिधींनी तीव्र हरकती घेतल्या आणि २००९ मध्ये तो बेत रद्द करावा लागला. चित्र उपयुक्त आहे म्हणून ते कोणाच्याही हाती कसेही द्यावे असे होत नाही. ते कोण पाहतो, कशासाठी पाहतो आणि त्याचा जाब कोणाला देतो, हे प्रश्न प्रथम सुटावे लागतात, हा त्या इतिहासाचा धडा आहे आणि चांद्याच्या अरण्यात तो आपल्यालाही उपयोगी पडणार आहे.

भारताने हा मार्ग वेगळ्या टोकाकडून धरला. येथे आरंभ युद्धखात्याने नव्हे, तर नारळाच्या झाडांनी केला. १९७० च्या सुमारास हवामानशास्त्रज्ञ पिशारोटी यांनी केरळातील नारळीच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अवरक्त किरणांना ग्रहण करणाऱ्या फितीवर छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे त्या चित्रांत निरोगी झाडांहून वेगळी दिसली. १९७२ च्या जुलैमध्ये अमेरिकेने पृथ्वीनिरीक्षणाचा पहिला नागरी उपग्रह, पुढे लँडसॅट म्हणून ओळखला गेलेला, आकाशात पाठविला. हेरखात्यांच्या आक्षेपांमुळे नागरी उपग्रहांची दृष्टी जाणीवपूर्वक मंद ठेवली जात असे, त्यामुळे त्याच्या चित्रातला लहानात लहान ठिपका सुमारे ८० मीटरांचा होता. तरीही एकाच क्षणी संपूर्ण जिल्हा दिसावा ही गोष्ट भारतीय प्रशासनाला अपूर्व होती. १९७४ मध्ये सिकंदराबादेस राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था स्थापन झाली आणि १९७९ मध्ये शादनगर येथे लँडसॅटची चित्रे थेट ग्रहण करणारे केंद्र उभे राहिले.

या चित्रांनी सरकारी दप्तराला दिलेला पहिला मोठा धक्का अरण्यांच्या बाबतीतच होता. वनखात्याच्या कागदांप्रमाणे देशात सुमारे साडेसात कोटी हेक्टर वनभूमी होती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुदूर संवेदन संस्थेने १९७२-७५ आणि १९८०-८२ या दोन काळांतील चित्रे ताडून पाहिली, तेव्हा पहिल्या काळात सुमारे ५.५५ कोटी आणि दुसऱ्या काळात सुमारे ४.६३ कोटी हेक्टरांवरच वृक्षाच्छादन दिसले. म्हणजे वर्षाकाठी सुमारे १३ लाख हेक्टर वन नष्ट होत होते असा त्याचा अर्थ निघाला. वनखात्याने या आकड्यांवर हरकत घेतली, दोन्ही पक्षांनी मिळून पुन्हा रुजुवात केली, आणि अखेरीस १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात वनाच्छादनाचा आकडा ६,४०,८१९ चौरस किलोमीटर, देशाच्या भूमीच्या १९.४९ टक्के, असा ठरला. या वादात मंद दृष्टीच्या चित्रांचे अर्थ लावण्यातल्या चुका होत्या, तशाच कागदी अरण्यांवरच्या जुन्या श्रद्धाही होत्या. जमीन वनखात्याची आहे एवढ्याने तिच्यावर झाड उभे असतेच असे नाही, आणि ज्या जमिनीवर झाड उभे आहे ती वनखात्याचीच असते असेही नाही. ही दोन सत्ये या वादामुळे पहिल्यांदा लोकांपुढे स्पष्टपणे आली.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून भारताचा आय. आर. एस. १-ए हा उपग्रह कक्षेत गेला आणि परदेशी चित्रांवरचे आपले अवलंबन सुटू लागले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन केले. राजधानी मुंबईत आणि विद्यापीठांचे वैभव पुण्यात असताना हे केंद्र नागपुरास आले, ही गोष्ट विदर्भाच्या दृष्टीने अल्प महत्त्वाची नाही. राज्यातील सर्वांत विस्तीर्ण अरण्ये, कोळशाच्या खाणी आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील हजारो मालगुजारी तलाव त्याच्या दारापासून फार दूर नव्हते. पुढे गावनकाशे उपग्रहचित्रांवर बसविण्याचे कष्टाचे कामही याच केंद्राने अंगावर घेतले. १९९५ च्या डिसेंबरात गेलेल्या आय. आर. एस. १-सी ची दृष्टी ५.८ मीटरांपर्यंत सूक्ष्म होती. २००१ च्या ऑक्टोबरात गेलेला टी. ई. एस. आणि ५ मे २००५ रोजी गेलेला कार्टोसॅट-१ यांनी ती अनुक्रमे सुमारे एक आणि अडीच मीटरांवर आणली. येथे टेहळणीचा आणि नागरी कारभाराचा असे दोन प्रवाह एकत्र मिळाले. कारण इतक्या सूक्ष्म दृष्टीने सीमेपलीकडची छावणीही दिसते आणि गावातली विहीरही. म्हणूनच २००१ च्या धोरणानुसार ५.८ मीटरांपेक्षा सूक्ष्म चित्रे छाननीशिवाय दिली जात नसत. २०११ मध्ये ही मर्यादा एक मीटरावर आली. दरम्यान २००९ मध्ये ‘भुवन’ हे चित्रदालन सर्वांसाठी उघडून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने सामान्य नागरिकालाही त्याचा गाव वरून पाहू दिला.

झाडीपट्टीत या दृष्टीच्या सूक्ष्मतेला मोठा अर्थ आहे. ८० मीटरांच्या एका ठिपक्यात दीड एकरांहून अधिक जमीन मावते. धुऱ्यांनी बांधलेली भाताची बांधी, तिच्या कडेची बोडी, मधोमध मुद्दाम राखलेला मोह आणि पलीकडचे रान ही सर्व एका ठिपक्यात मिसळून जातात आणि त्यांचा एकच सरासरी रंग चित्रात उमटतो. ज्या शेतकऱ्याने आपल्या तुकड्यातली मोहाची आणि तेंदूची झाडे तोडली नाहीत, त्याचे शेत अशा चित्रात अरण्य म्हणून वाचले जाऊ शकते. ऋतूही दृष्टीला फसवितो. येथील रान पानझडीचे; चैत्र-वैशाखात सागाची पाने गळून पडली की हिरवे अरण्य चित्रात उजाड दिसते, म्हणून वनसर्वेक्षणासाठी पावसाळा संपल्यानंतरची, ऑक्टोबर ते डिसेंबरातली चित्रे निवडण्याची पद्धत पडली. शिवाय एक हेक्टर किंवा त्याहून अधिक जमिनीवर वृक्षछायेचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती वनाच्छादनात मोजली जाते, मग तेथे सागवन असो, बांबू असो की फळबाग. वनाच्या अहवालातला आकडा वाचताना ही व्याख्या विसरली, तर १४,४१२ चौरस किलोमीटरांच्या आणि दोन-तृतीयांशांहून अधिक वनाच्छादित अशा गडचिरोली जिल्ह्याविषयीही चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

भद्रावतीच्या आसमंतात ही चित्रे सर्वांत ठळकपणे काय दाखवितात, तर कोळसा. माजरी, तेलवासा, ढोरवासा, नवीन कुनाडा, बरांज या गावांच्या परिसरात खुल्या खाणींनी भूमीचे पोटच उघडे केले आहे, आणि कोळशावरची माती काढून रचलेले ढिगारे टेकड्यांसारखे उभे राहिले आहेत. भूमीचे असे स्थित्यंतर तलाठ्याच्या सातबाऱ्यात ‘बिगरशेती’ या एका शब्दात संपते. चित्रात ते वर्षागणिक मोजता येते. कोल इंडियाच्या नियोजन संस्थेने दरवर्षी पन्नास लाख घनमीटरांहून अधिक कोळसा आणि माती काढणाऱ्या खुल्या खाणींची दरसाल उपग्रहचित्रे घेऊन किती भाग खणला, किती भरला आणि किती भागावर पुन्हा झाडे आली हे मोजण्याची पद्धत घातली. २०१६ च्या ऑक्टोबरात केंद्रीय खाण मंत्रालयाने इतर खनिजांसाठी जी देखरेख-प्रणाली सुरू केली, तीत पट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरांच्या टापूत भूमीत काही विलक्षण बदल दिसला की राज्य शासनाच्या अधिकाऱ्याला सूचना जाते. २०१८ च्या जुलैमध्ये बेकायदा कोळसा खणण्याविरुद्ध अशीच व्यवस्था झाली आणि तीत नागरिकालाही मोबाईलवरून तक्रार नोंदविण्याची सोय दिली गेली. ही सर्व साधने स्तुत्य आहेत. परंतु ढिगाऱ्यावर लावलेली सुबाभूळ आणि त्या जागी पूर्वी असलेले मिश्र रान चित्रात जवळपास सारखीच हिरवी दिसतात, आणि खाणीमुळे कोरडी पडलेली विहीर चित्रात दिसतच नाही. तेथे गावात जाऊन विचारावे लागते.

या नजरेने कारभाराला नि:शंक हात दिला तो वणव्यांच्या बाबतीत. फाल्गुन ते वैशाखात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत पाचोळ्याचा थर साचतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात, आणि एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर जाळरेषा ओलांडून कोसभर धावते. पूर्वी आगीची खबर धुराचा लोट पाहून, सायकलवरच्या वनरक्षकाकडून नाक्यावर आणि नाक्यावरून परिक्षेत्राच्या कचेरीत पोहोचेपर्यंत दिवस मावळे. १९९९ आणि २००२ मध्ये कक्षेत गेलेल्या टेरा आणि ॲक्वा या अमेरिकी उपग्रहांवरील यंत्रे जमिनीची उष्णता टिपतात. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यांच्या नोंदींवरून वणव्याची ठिकाणे काढून वनखात्याला कळवू लागली, आणि पुढे हा इशारा थेट बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाईलवर येऊ लागला. इशारा आकाशातून येतो, आग मात्र हिरव्या फांद्यांनी झोडपून माणसालाच विझवावी लागते. आणि ज्या गावांना रान आपले वाटते तेथील माणसे त्यासाठी आधी धावतात, हा वनखात्यातील अनेक जुन्या माणसांचा अनुभव आहे.

रान आपले वाटणे आणि ते कायद्याने आपले असणे, या दोहोंमधले अंतर २००६ च्या वनहक्क कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि तेथेच उपग्रहचित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत होता, त्याचा दावा मान्य व्हावयाचा होता. पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी, बांध-बंधाऱ्यांच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब यांच्याबरोबर उपग्रहचित्रांचेही नाव होते. अनेक ठिकाणी दावे तपासणाऱ्या वरच्या समित्यांनी या यादीतून चित्र तेवढे उचलले. २००५ च्या सुमाराच्या चित्रात शेत दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर, असे शेरे पडू लागले. गुजरातेत हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केवळ चित्राच्या आधारे नामंजुरी देण्याची पद्धत २०१३ मध्ये न्यायालयाने अमान्य केली. त्यापूर्वीच, २०१२ मध्ये, केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून ठेवली होती की उपग्रहचित्रे आणि तत्सम तंत्रे इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरावीत, त्याच्या जागी नव्हे. आणि समितीने कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये.

या नियमाचे शहाणपण कालगणनेवरूनही पटते. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगत आले, त्यांना तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते; १९३० सालचा पुरावा ते कोणत्या उपग्रहाकडून आणणार? कोरोनाची पहिली फीत त्यानंतर तीस वर्षांनी आली. सामूहिक हक्कांच्या बाबतीत तर आकाशातील दृष्टी आणखी अपुरी आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, देशातील अगदी पहिल्या काही गावांत त्याची गणना झाली, आणि पुढे बांबू तोडण्याचा व विकण्याचा अधिकारही त्याने मिळविला. गाव कोणत्या पायवाटेने मध आणावयास जाते, कोणत्या देवराईत कुऱ्हाड चालवत नाही, कोणत्या ओढ्यापर्यंत आपली शीव मानते, या गोष्टी कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्या निस्तारपत्रकात, जुन्या नकाशात आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात असतात. मराठी राजवटीत शिवेचा तंटा उद्भवला की गोतसभा जमत असे, शेजारच्या गावांचे पाटील आणि वतनदार शपथेवर जबानी देत, आणि सर्वांच्या साक्षींवरून महजर लिहिला जाई. उपग्रहचित्राचे योग्य स्थान अशा महजरातल्या एका साक्षीदाराचे आहे. तो निःपक्षपाती आहे, त्याची स्मृती पक्की आहे. पण तो दूर उभा होता आणि त्याने फक्त माथा पाहिला.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने उपग्रहाद्वारे अतिक्रमणांची पाहणी करावी असेही सांगितले. देशभर खळबळ उडाली आणि २८ फेब्रुवारीस त्या आदेशाला स्थगिती मिळाली. दावे नीट तपासल्याशिवाय नामंजूर झाले असतील तर चित्रात दिसणारे प्रत्येक शेत अतिक्रमणच ठरेल, हे त्या पंधरा दिवसांत अनेकांच्या लक्षात आले.

चित्राच्या स्मृतीचा उल्लेख झाला, तेव्हा त्या स्मृतीच्या सर्वांत जुन्या पेटीकडे वळणे प्राप्त आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील पर्यावरणशास्त्रज्ञांच्या एका गटाला हेरखात्याचे जुने भांडार दाखविण्यात आले, आणि २२ फेब्रुवारी १९९५ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने कोरोना व तिच्या सहयोजनांतील आठ लाख साठ हजारांवर चित्रे सर्वांसाठी खुली झाली. २००२ आणि २०११ मध्ये पुढच्या पिढीतील चित्रांचीही भर पडली. त्यांपैकी हेक्सॅगॉन योजनेतील १९७० च्या दशकातील चित्रे पुढच्या काळातील चित्रांशी ताडून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी हिमालयातील ६५० हिमनद्यांचा अभ्यास केला आणि २००० नंतर त्यांचा ऱ्हास आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने होत असल्याचे दाखविले. २०२३ मध्ये सिरिया आणि इराकच्या वाळवंटातील ३९६ रोमन गढ्या याच जुन्या फितींवर सापडल्या. त्यांतील कित्येक आज शेतीखाली आणि घरांखाली नाहीशा झाल्या आहेत. भारतातीलही बरेच प्रदेश या फितींत आले आहेत. भद्रावतीच्या परिसरातील ज्या ज्या फिती उपलब्ध असतील, त्या खुल्या खाणी पसरण्यापूर्वीच्या भूमीचे दर्शन घडवतील. कनिंगहॅमला घोड्यावरून न दिसलेली जुनी तळी, बुजलेले कालवे आणि नगरीची सीमा त्यांत शोधता येईल. हे काम राज्य पुरातत्त्व विभागाने आणि गोंडवाना विद्यापीठाने हाती घ्यावे. खाणी दरवर्षी पुढे सरकत आहेत आणि मातीखालच्या गोष्टी एकदा खणल्या गेल्या की कोणतेही चित्र त्या परत देत नाही.

साऱ्या वृत्तांतावरून एक निष्कर्ष काढणे मला कर्तव्य वाटते. जमाबंदीचा नकाशा ज्याच्या हाती होता त्याचे हक्क लिहिले गेले आणि ज्याच्या हाती नव्हता त्याचे राहून गेले. चांद्याच्या अरण्यातील माणसाने हे एकदा भोगले आहे. उपग्रहचित्राच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये. चित्र सरकारी कचेरीत पाहिले जावे आणि निकाल तेवढा गावात यावा, ही पद्धत टाकून दिली पाहिजे. भद्रावती, धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोणत्याही तालुक्यात गावाच्या जमिनीविषयी, खाणीविषयी किंवा वनहक्काविषयी चित्राचा आधार घेतला जाईल तेव्हा त्या चित्राची प्रत, ते कोणत्या तारखेचे आणि किती सूक्ष्मतेचे आहे याच्या तपशिलासह, ग्रामसभेच्या हाती आधी दिली जावी, तिला ते मराठीत, गोंडीत किंवा माडियात समजावून सांगितले जावे, आणि तिचे म्हणणे लिहून घेतल्यावरच निर्णय व्हावा. यासाठी नवा कायदा लागत नाही; २०१२ चा नियम आहे, नागपूरचे केंद्र आहे, आणि आपल्या रानाविषयी साक्ष देण्यास समर्थ अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी तसा शिरस्ता घालून द्यावा आणि ग्रामसभांनी तो हक्काने मागावा.